अमेरिका सरांची साक्ष

ताराचंद हेडाऊ कधी अमेरिकेला गेले नाहीत. विमानात ते आयुष्यात एकदाच बसले, तेही हैदराबादच्या चर्चासत्रासाठी, आणि येताना रेल्वेनं आले, कारण परतीच्या विमानाचं भाडं कॉलेजनं मंजूर केलं नव्हतं. तरी नागपुरात दोन पिढ्यांचे विद्यार्थी त्यांना ‘अमेरिका सर’ म्हणूनच ओळखतात. एम.ए.ला अमेरिकेच्या इतिहासाचा एक पेपर होता. मराठ्यांचा इतिहास शिकवायला सगळे एका पायावर तयार असायचे, अमेरिका म्हटलं की ज्याच्या त्याच्या घरी काहीतरी अडचण निघायची. मग तो पेपर नव्यानंच लागलेल्या हेडाऊंच्या गळ्यात पडला. पडला तो निवृत्तीपर्यंत निघाला नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांनी तो काढायचा प्रयत्नही केला नाही.

सर उमरेडचे. घरात हातमाग, बाप विणकर, आई जनाबाई सुताच्या कांड्या भरायची. त्या घरातून निघालेला पोरगा वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टात जाऊन बसला, म्हणजे मनानं. सरांचं सगळं प्रेम तिथल्या खटल्यांवर. रामटेककडून एसटीनं येणारी, सकाळी धानाच्या बांधीत पाणी सोडून आलेली पोरं मागच्या बाकावर पेंगायची, आणि सरांनी ड्रेड स्कॉटचं नाव घेतलं की जागी व्हायची. एक गुलाम कोर्टात जातो, मला मोकळं करा म्हणतो, आणि कोर्ट सांगतं, बाबा रे, तुला खटला भरताच येत नाही, कारण तू नागरिकच नाहीस! मग प्लेसी. बघणाऱ्याला गोरा दिसणारा, पण पणजोबा-पणजीत कुणीतरी काळं होतं म्हणून गोऱ्यांच्या डब्यातून उतरवलेला. पुढे अर्ध्या शतकानं ब्राउनचा खटला, आणि काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळांची दारं उघडली. सर हे असं सांगायचे की जणू शेजारच्या आळीत घडलं.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. निकाल सांगून झाला की खडू टेबलावर ठेवायचा आणि विचारायचं, “दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं?” पोरं वह्या चाळायची. सर म्हणायचे, “निकालाचा दिवस वकिलांचा असतो. इतिहासकारानं दुसरा दिवस बघायचा. हरलेला माणूस सकाळी उठून कुठे गेला, ते सांगा.” प्लेसीनं दंड भरला आणि पुढे विम्याचे हप्ते गोळा करत फिरला. ड्रेड स्कॉटला काही महिन्यांनी मालकानंच सोडलं, तो हॉटेलात हमाली करू लागला आणि वर्षा-दीड वर्षात क्षयानं गेला. पुस्तकात मोठमोठे निकाल असतात, सरांच्या वर्गात ही हप्त्यांची आणि हमालीची सकाळ असायची. म्हणून पोरांना ते आवडायचे.

त्यांना स्वतःला सगळ्यात आवडायचा तो ठिंडचा खटला. पंजाबातून गेलेला माणूस, अमेरिकेच्या फौजेत राहिलेला, नागरिक व्हायला निघालेला. तिथला कायदा तेव्हा, आफ्रिकी वंशाचे सोडले तर, बाहेरून आलेल्या गोऱ्यांनाच नागरिक करून घ्यायचा. आदल्या वर्षी एका जपानी माणसाला कोर्टानं सांगितलं होतं, कातडी उजळ असली म्हणून काय झालं, शास्त्राप्रमाणे तुमचा वंश वेगळा. मग ठिंडच्या बाजूनं शास्त्र आलं, विद्वानांची पुस्तकं आली, आम्ही आर्य, आम्ही उच्च जातीचे, म्हणजे शास्त्राप्रमाणे गोरेच. तीन महिन्यांत तेच न्यायाधीश म्हणाले, शास्त्र राहू द्या, रस्त्यावरचा साधा माणूस तुम्हाला गोरा म्हणतो का? नाही म्हणत. मग तुम्ही गोरे नाही. वर्गात हशा पिकायचा. सरही हसायचे, आणि वर म्हणायचे, “ठिंड चुकला. त्यानं दार मोडा म्हटलं नाही, मला आत घ्या म्हटलं. आणि तेही विद्वत्ता दाखवून!”

सांगा आता. इतकी वर्षं दुसऱ्याची चूक फळ्यावर लिहून शिकवणाऱ्या माणसानं स्वतः काय करावं?

सरांना आणखी एक खोड होती. कुठलीही गोष्ट सांगितली की त्यांना तिची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय चैन पडत नसे. बायको प्रेमिला वैतागायची. “भाजीत मीठ जास्त झालं का, एवढं विचारलं तरी दोन बाजू सांगते हा माणूस. हाव नाहीतर नाही म्हणा ना!” सर हसून म्हणायचे, इतिहासकाराचा धर्मच तो. निवृत्त झाले, नागपूरच्या कडेला बेसाला फ्लॅट घेतला, आणि दोन बाजू ऐकायला कुणी उरलं नाही. सकाळी फिरायला जाणारे म्हातारे गुडघ्यांचं आणि सुनांचं बोलायचे. कॉलेजात तर अमेरिकेचा पेपरच नव्या अभ्यासक्रमात गेला. बोलून बोलून घडलेला माणूस घरात मुका होऊन बसला. हे इथं सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते यातूनच झालं.

मुलगी वैभवी, एकुलती एक. सिव्हिल इंजिनिअर झाली, परीक्षा देत राहिली आणि सरकारी खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून निवडली गेली. अनुसूचित जमातीच्या जागेवर. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नागपूर, उमरेडकडच्या विणकरांतले पुष्कळ लोक स्वतःला हलबा म्हणवतात. हलबा ही जमात सरकारी यादीत आहे. पण कापड विणणारे ते कोष्टी, आणि कोष्टी यादीत नाहीत. मग हे जंगलातून मागावर आलेले हलबा, की मुळातलेच कोष्टी? यावर पिढ्यान् पिढ्या कोर्टकचेऱ्या झाल्या, वरच्या कोर्टाचा मोठा निकालही विरुद्ध गेला. तरी प्रत्येक घर आपल्या परीनं लढतं. जमातीचे दाखले तपासणाऱ्या सरकारी समितीकडे वैधतेसाठी अर्ज जातो, जुने दाखले बघतात, आणि घरी येऊन चालीरीती विचारतात. हो म्हणाले तर नोकरी पक्की. नाही म्हणाले तर गेली, आणि रक्ताच्या नातेवाइकांच्या अर्जावरही तो डाग बसतो.

हेडाऊंचे दाखले बरे होते. पणजोबांच्या दाखल्यावर हलबा होतं, एका चुलत आजोबांच्या दाखल्यावर मात्र कोष्टी. म्हणजे तराजू मधोमध. वैभवी नोकरीवर रुजू झाली होती, पुलांच्या कामावर जात होती, डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून काढलेला फोटो प्रेमिलानं देवघराच्या बाजूला लावला होता. चौकशी उमरेडच्या घरी होणार असं ठरलं. तिथं जनाबाई धाकट्या मुलाजवळ, जितेंद्रजवळ राहायच्या. जितेंद्रचा मुलगा पंकज पोलीस भरतीची तयारी करत होता, तोही याच निकालाकडे डोळे लावून बसलेला.

समाजातले महादेवराव अशा वेळी घरोघरी जाऊन तालीम घेत. निवृत्त कारकून, माणूस तळमळीचा. साहेब काय विचारतात आणि काय उत्तर द्यायचं, हे त्यांना तोंडपाठ. ते सरांना म्हणाले, “सर, तुम्ही शिकलेले. तुमच्याच तोंडून आलं तर वजन पडते. फक्त दोन बाजू नका सांगू. एकच बाजू सांगा.” सरांना राग आला. पोपटासारखं बोलू? मी? ते म्हणाले, जे खरं ते सांगीन. महादेवरावांनी सुस्कारा टाकला आणि जनाबाईंची तालीम घ्यायला बसले.

चौकशीचे साहेब आले ते दुपारी. ज्या खोलीत पूर्वी माग होता, त्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. विणकर पाय सोडून बसायचा तो खड्डा जितेंद्रनं बुजवून वर फरशी टाकली होती, आणि साहेबांची खुर्ची नेमकी त्या जागी आली होती. साहेब सालस माणूस. कुणाला दरडावलं नाही, पाणी मागून प्यायले, जनाबाईंना आजी म्हणाले. “लग्नात तुमच्याकडे काय काय करतात, आजी?”

जनाबाई सावरून बसल्या. “आमच्यात मांडवात मोहाची फांदी रोवते बाबू. तिच्या बुडाशी घरातली मोठी बाई मूठभर धान ठेवते. माह्या सासूनं ठेवलं, म्या ठेवलं, ह्या प्रेमिलाच्या लग्नात म्या ठेवलं.”

हे तालमीतलं नव्हतं. हे खरंच तसं होतं.

“हे फक्त तुमच्याच जमातीत करतात का?”

“हाव. फक्त आमच्यातच,” जनाबाई म्हणाल्या. हे मात्र तालमीतलं.

आणि सरांच्या तोंडून निघून गेलं, “माय, फक्त आमच्यात नाही ना. बाजूच्या लोकाइच्या मांडवात पण होती ती फांदी. तूच मले सांगत होती.”

साहेबांनी मान वर केली. जनाबाई मुलाकडे बघत राहिल्या. साहेब म्हणाले, “सर, तुम्ही प्राध्यापक होता ना? इतिहासाचे? सांगा ना मोकळेपणानं. मलाही आवड आहे.”

झालं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी वही उघडून, पेन हातात घेऊन, सरांच्या तोंडाकडे बघत होतं. सर खुर्चीत पुढे सरकले. म्हणाले, जमात म्हणजे काही बरणीत भरून ठेवलेली वस्तू नाही. चाली एकमेकांच्या घरून येतात-जातात. शिरगणती करणाऱ्या इंग्रजाला प्रत्येक माणसापुढे एकच शब्द लिहायचा होता, म्हणून एका भावाला एक नाव मिळालं आणि दुसऱ्याला दुसरं. आमचे पूर्वज जंगल सोडून मागावर आले, की मागावरच होते आणि जंगलाची गोष्ट मागाहून आली, हे आज छातीठोकपणे कुणालाच सांगता येणार नाही. इतिहासकार म्हणून मला तर नाहीच. प्रश्नच चुकीचा आहे साहेब. मग ओघात अमेरिका आली, प्लेसी आला, ठिंड आला. स्वयंपाकघराच्या दारात वैभवी उभी होती, ती डोळ्यांनी खुणा करत होती. महादेवराव खोकले, पुन्हा खोकले. जितेंद्रनं चहा मध्येच आणून ठेवला. सरांनी चहा बाजूला सारला आणि बोलत राहिले. साहेब लिहीत राहिले.

निघताना साहेबांनी हात जोडून म्हटलं, “फार शिकायला मिळालं सर.” आणि ते खोटं बोलत नव्हते. एसटीनं नागपूरला परतताना सर खूश होते. हे सांगायला नको वाटतं, पण खरं आहे. खिडकीशी बसून ते गुणगुणत होते. जनाबाईंनी तेवढं निघताना विचारलं होतं, “तू काहून बोलला गा मध्ये? मी सांगून राहिली होती ना.” सर म्हणाले होते, “माय, खरं सांगायले काय भ्यायचं?”

समितीचा निकाल आला तेव्हा वैभवी साइटवर होती. घरी आली, हातपाय धुतले आणि उभ्याउभ्याच मोठ्यानं वाचला. अर्ध्यावर सरांचं नाव आलं. अर्जदाराचे वडील हे स्वतः इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक असून, सदर चाल इतर समाजांतही आढळते आणि आपले पूर्वज मूळचे कोण हे आपण सांगू शकत नाही असे त्यांनी स्वेच्छेने सांगितले आहे. सबब दावा सिद्ध होत नाही. वैभवीनं कागद टेबलावर ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं. प्रेमिलाच ओरडली. “हाव नाहीतर नाही, एवढंच म्हणायचं होतं तुमाले! पोरीच्या जन्मात एक डाव एकच बाजू सांगायची होती!” सरांनी टेबलावरचा कागद उचलला आणि पहिल्यापासून वाचायला घेतला.

मग हायकोर्टासाठी वकील. सिव्हिल लाइन्समधला तरुण वकील, हुशार. त्यानं सगळं वाचलं आणि म्हणाला, “दाखले वाईट नाहीत. आपल्याला नडलंय ते तुमचं बोलणं. एक प्रतिज्ञापत्र द्या सर. तुमचा विषय अमेरिका. आपल्या समाजाच्या इतिहासाचा तुमचा अभ्यास नाही, त्यातलं तुम्हाला काही कळत नाही, आणि त्या दिवशी प्रकृती बरी नव्हती.” सरांनी सही केली. ज्या माणसानं आयुष्यभर एकच गोष्ट कमावली, की मला कळतं, त्यानं मला काही कळत नाही असं शपथेवर लिहून दिलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि प्रेमिलानंही आग्रह केला नाही. जेवण झाकून तसंच ठेवून दिलं.

आणि एवढं नाक घासूनही काही हाती लागलं नाही. कोर्टात सुनावणी अशी फार झालीच नाही. न्यायमूर्तींनी प्रतिज्ञापत्र बाजूला ठेवलं आणि शांतपणे विचारलं, एवढा शिकलेला माणूस, कुणाचा दबाव नाही, स्वतःच्या मुलीचं नुकसान होणारं बोलतो, तर ते खोटं का बोलेल? स्वतःच्या हिताविरुद्ध केलेलं विधान सगळ्यात विश्वासाचं असतं. सर मागच्या बाकावर बसले होते. त्यांनी हे तत्त्व कितीतरी अमेरिकन निकालांत वाचलं होतं, वर्गात समजावून सांगितलं होतं. ऐकताना त्यांची मान हळूहळू होकारार्थी हलत होती. वैभवीनं ते बघितलं. तिनं तोंड फिरवलं.

पंकजचा अर्जही मग त्याच वाटेनं गेला. पोलीस भरती राहिली. जितेंद्रनं फोन उचलणं बंद केलं. जनाबाई गेल्या तेव्हा निरोप महादेवरावांकडून आला, आणि दिवसपाण्याला सर उमरेडला गेले तर भावानं पाट दिला, पाणी दिलं, शब्द दिला नाही. महादेवरावही आता दुरून नमस्कार करतात. त्यांच्या तालमीत आता सरांचा दाखला असतो, कसं बोलू नये याचा. पुढच्या वर्षी पंकजचं लग्न झालं. जनाबाईंच्या मागे घरातली मोठी बाई म्हणजे प्रेमिला, तेव्हा फांदीच्या बुडाशी धान ठेवायचा मान तिचा. तिनं नवं लुगडं आणून ठेवलं होतं. पत्रिका आली नाही. मांडवात फांदी रोवली की नाही, रोवली तर धान कुणी ठेवलं, हे तिला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. ती विचारतही नाही. लुगडं कपाटात आहे.

वैभवीची नोकरी गेली. देवघराजवळचा फोटो तिनं स्वतःच काढला. बेसाच्या पुढे एका बिल्डरच्या स्किमवर ती आता जाते. पगार अर्धा, हेल्मेट तेच. लग्नाचं बोलणं एकदा निघालं होतं, ते कुठल्यातरी चौकशीत अडलं, आणि पुढे निघालं नाही. घरात भांडण म्हणाल तर नाही. सगळे एकमेकांशी नीट बोलतात. सर भाजी आणतात, नळाचं बिल भरतात, आणि कुणी काही विचारलं तर हो किंवा नाही म्हणतात. दुसरी बाजू सांगायची त्यांची खोड गेली. प्रेमिलाला जे इतकी वर्षं हवं होतं ते मिळालं, आणि आता तिला तेच सहन होत नाही.

कोर्टाचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ तेवढी सांगायची राहिली. सरांच्या वर्गात हाच प्रश्न असायचा, म्हणून ती शेवटाला ठेवली.

वैभवी नेहमीसारखी उठली. बिल्डरकडचं काम तिनं कोर्टाच्या निकालाआधीच बघून ठेवलं होतं, वाट बघत बसायची तिला सवय नव्हती; त्या दिवशी तिथं पहिल्यांदाच जायचं होतं. प्रेमिला पोळ्या लाटत होती. सर टेबलाशी बसले होते, पुढ्यात चहा, वर साय धरलेली. रात्रभर त्यांच्या डोक्यात एकच चाललं होतं की पोरीला काहीतरी बोलावं, पण बोलायचा हक्क आपल्याला कुठे उरला! वैभवी डब्याचं झाकण लावता लावता थांबली. लहानपणी ती वडिलांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून खडूनं चित्रं काढायची, त्यामुळे ठिंड तिलाही घरचाच.

“बाबा, एक विचारू?”

सरांनी मान वर केली. कित्येक महिन्यांत तिनं त्यांना काही विचारलं नव्हतं. त्यांचा चेहरा उजळला, आणि हेच पाहवत नाही.

“त्या ठिंडच्या केसमध्ये त्याच्या घरचं कोणी बोललं होतं का? म्हणजे माय, बाप, असं कोणी?”

सरांनी आठवलं. निकालाची पानं त्यांना पाठ होती, वकिलांची नावं पाठ होती, त्यांनी पुढे ठेवलेली पुस्तकंसुद्धा पाठ होती.

“नाही,” ते म्हणाले. “त्याच्या घरचं कोणीच बोललं नव्हतं, वैभू. ते पंजाबात होते. इकडून कोणाले विचारलंच नाही.”

“मग बरं होतं त्याचं,” वैभवी म्हणाली. रागानं नाही, टोमणा म्हणूनही नाही. हिशेब जुळला की माणूस जसा म्हणतो तसं. तिनं डबा पिशवीत घातला, हेल्मेट उचललं आणि चप्पल घालून ती जिना उतरून गेली.